विमानाच्या इंजिनाचे गणित : घड्याळाच्या बरोबरीने चालणारे प्रतिमान

(विज्ञान-गणित पाठ : इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी)



"हे गणित पुढे कुठे उपयोगी पडणार?" हा प्रश्न दर वर्षी वर्गात विचारला जातो आणि पालकसभेतही. म्हणून या पाठात आम्ही एकच उदाहरण घेतले आहे आणि ते शेवटपर्यंत नेले आहे. जेट विमानाचे इंजिन संगणकावर गणिताने 'चालवायचे', आणि तेही खऱ्या इंजिनाइतक्याच वेगाने, असा हा विषय आहे. त्यासाठी लागणारी सामग्री तुमच्याच पुस्तकांत आहे : शेकडेवारी, वर्गमूळ, आलेख, एकसामयिक समीकरणे आणि हौद-नळाची उदाहरणे. वही-पेन्सिल जवळ ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न किती गंभीर आहे?

२६ जून १९८८ रोजी फ्रान्समधील म्युलूझ शहराजवळच्या हॅब्सहाइम येथील लहानशा विमानतळावर एक हवाई प्रदर्शन होते. एअर फ्रान्सचे नवेकोरे एअरबस ए-३२० विमान १३६ माणसे घेऊन धावपट्टीवरून अतिशय कमी उंचीवर, अगदी हळू उडत गेले. त्याची दोन्ही इंजिने त्या वेळी आयडलवर, म्हणजे चालू पण जेमतेम फिरती, अशी होती. समोर झाडे आल्यावर वैमानिकाने पूर्ण शक्ती मागितली. इंजिने वेग घेऊ लागली. पण तो पुरेसा होण्याआधीच विमान झाडांत शिरले. तीन प्रवासी मृत्युमुखी पडले. चौकशीत जी कारणे नोंदवली गेली त्यांत फार कमी उंची, फार कमी वेग, आयडलवरची इंजिने आणि उशिरा मागितलेली शक्ती ही होती.

मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळला की ती लगेच उसळते. जेट इंजिनाचे तसे नाही. अमेरिकेच्या प्रमाणन-नियमांनुसार इंजिनाने आयडलपासून उड्डाणाच्या रेट्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत ५ सेकंदांच्या आत पोहोचले पाहिजे. विमान उतरता उतरता पुन्हा वर न्यायचे झाल्यास किती चढता आले पाहिजे, हा हिशेबही थ्रॉटल पुढे ढकलल्यानंतर ८ सेकंदांनी मिळणाऱ्या रेट्यावर केला जातो. पाच सेकंद किंवा आठ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान पाच सेकंदांत जवळजवळ ३५० मीटर पुढे जाते, हे गणित तुम्हीच करून पाहा.

आता विचार करा. वैमानिक शिकतो ते सिम्युलेटरमध्ये. तिथे खरे इंजिन नसते; असतात ती समीकरणे. त्या समीकरणांनी इंजिनाला खऱ्यापेक्षा दोन सेकंद आधी जागे केले, तर वैमानिकाच्या हाताला चुकीचे वळण लागेल आणि ते वळण तो खऱ्या विमानात घेऊन जाईल. म्हणून प्रतिमान अचूक हवे. शिवाय ते घड्याळाबरोबरही चालले पाहिजे, कारण वैमानिक समोर बसलेला असतो; उत्तर यायला वेळ लागला तर तो थांबणार नाही. अचूकता आणि वेग यांची सांगड कशी घालतात, हाच आजचा पाठ आहे.

इंजिनात काय घडते?

सर्वांत साधे जेट इंजिन घेऊ. समोरून हवा आत येते. कॉम्प्रेसर ती दाबतो. ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते. तापलेली हवा टर्बाइनची पाती फिरवत बाहेर पडते आणि शेवटी नॉझलमधून जोराने मागे जाते. हवा मागे, विमान पुढे : न्यूटनचा तिसरा नियम. फ्रँक व्हिटल या इंग्रज अभियंत्याने असे इंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी प्रथम चालवून दाखवले. पुढे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन याच्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी पहिले जेट विमान उडाले. आजच्या प्रवासी विमानांत पुढे मोठा पंखा असतो आणि दांडे दोन किंवा तीन असतात, पण मूळ कल्पना तीच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी : कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच दांड्यावर बसवलेले असतात. टर्बाइन शक्ती कमावते, कॉम्प्रेसर ती खर्च करतो. जमा आणि खर्च समान असले की दांडा एकाच वेगाने फिरतो. इंधन वाढवले की टर्बाइनची कमाई वाढते, शिल्लक उरते आणि त्या शिलकीतून दांड्याचा वेग वाढत जातो. दांडा जड, म्हणजे त्याचे जडत्व मोठे. त्यामुळे वेग हळूहळूच वाढणार.

मग एकदम भरपूर इंधन का टाकू नये? टाकले तर ज्वलनकक्षातला दाब एकदम चढतो. कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध हवा ढकलता येत नाही आणि प्रवाह उलटा उसळतो. याला सर्ज म्हणतात. शिवाय टर्बाइनची पाती सोसतील त्याहून जास्त तापतात. म्हणून इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ज्याला फॅडेक म्हणतात, तो इंधन मोजूनमापून वाढवतो. इंजिनाला लागणारा वेळ हा असा दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे.

पहिले प्रतिमान : एका ओळीचे

सुरुवात सोप्या कल्पनेने करू. 'वेग वाढण्याची गती ही अजून गाठायच्या राहिलेल्या अंतराच्या प्रमाणात असते', असे मानू. आयडलचा वेग ६० टक्के, गाठायचा १०० टक्के आणि कालस्थिरांक २ सेकंद धरू. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. वेळेचे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे टप्पे पाडले तर नियम असा होतो : प्रत्येक टप्प्यात उरलेल्या अंतराचा ०.५ ÷ २, म्हणजे एक चतुर्थांश भाग कापायचा.

० सेकंद : ६०.०
०.५ सेकंद : ७०.०
१.० सेकंद : ७७.५
१.५ सेकंद : ८३.१
२.० सेकंद : ८७.३
२.५ सेकंद : ९०.५
३.० सेकंद : ९२.९
३.५ सेकंद : ९४.७
४.० सेकंद : ९६.०

याच समीकरणाचे कॅल्क्युलसने काढलेले नेमके उत्तर ४ सेकंदांना ९४.६ येते. आपल्या आठ पायऱ्यांच्या हिशेबात १.४ ची चूक राहिली. टप्पा ०.०२ सेकंदांचा घेतला तर पायऱ्या २०० होतात आणि उत्तरही ९४.६ येते. आजच्या पाठातला मूळ व्यवहार तुमच्या हाती आला : टप्पे लहान घ्याल तितकी अचूकता जास्त आणि कामही जास्त.

पण या प्रतिमानात एक मोठा दोष आहे, आणि तो टप्पे लहान करून जात नाही. वरच्या तक्त्यात वेग सर्वांत भराभर वाढतो तो अगदी सुरुवातीला. खरे इंजिन याच्या उलट वागते. आयडलच्या आसपास हवा कमी, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता कमी, शक्तीची शिलकीची रक्कमही कमी; त्यामुळे सुरुवातीला ते रेंगाळते आणि पुढे भराभर चढते. शिवाय रेटा वेगाच्या सरळ प्रमाणात नसतो. दांडा ६० टक्के वेगाने फिरतो म्हणून ६० टक्के रेटा मिळतो असे मुळीच नाही. आयडलवर मिळतो तो पूर्ण रेट्याचा लहानसा अंश. म्हणजे ज्या दोन सेकंदांवर जीव अवलंबून असतो, नेमक्या त्याच सेकंदांत हे प्रतिमान खोटा दिलासा देते. सूत्र सुटसुटीत आहे म्हणून ते खरे ठरत नाही.

दुसरे प्रतिमान : भागाभागांचे

म्हणून अभियंते इंजिनाचे भाग सुटे करून प्रत्येकाचे वेगळे गणित मांडतात. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन यांच्या चाचण्या घेऊन त्यांचे नकाशे तयार केलेले असतात. हा नकाशा म्हणजे एक तक्ताच. अमुक वेग आणि अमुक दाबाचे गुणोत्तर असेल तर किती हवा जाईल आणि कार्यक्षमता किती राहील, हे त्यात पाहायचे. दोन नोंदींच्या मधले मूल्य हवे असेल तर अंतर्वेशन करायचे. लॉगॅरिथमच्या कोष्टकात 'सरासरी फरक' पाहतो, तसेच हे.

येथे एक सुंदर युक्ती आहे. हवेचे तापमान आणि दाब रोज वेगळे, प्रत्येक उंचीवर वेगळे. मग प्रत्येक हवामानासाठी वेगळा नकाशा करायचा का? नाही. कॉम्प्रेसरला जाणवतो तो पात्याचा वेग आणि ध्वनीचा वेग यांचा संबंध. आणि ध्वनीचा वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून खऱ्या वेगाला तापमानाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने भागून 'संस्कारित वेग' काढतात. प्रमाण तापमान १५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे २८८ केल्विन. समजा सांबरा विमानतळावर उन्हाळ्यात दुपारी ३८ अंश, म्हणजे ३११ केल्विन तापमान आहे आणि दांडा मिनिटाला १०,००० फेरे घेतो आहे. ३११ ÷ २८८ = १.०८०; त्याचे वर्गमूळ १.०३९, संस्कारित वेग सुमारे ९,६२५. दांडा १०,००० ने फिरत असला तरी कॉम्प्रेसरच्या दृष्टीने तो दिवस ९,६२५ चाच! उन्हाळ्यात इंजिनाचा जोर कमी का पडतो, याचे एक कारण इथे दिसते. दाब आणि हवेचा प्रवाह यांच्यावरही असाच संस्कार करतात, आणि मग एकच नकाशा सर्व ऋतूंना आणि उंचींना पुरतो. वर्गमुळाने केवढी मेहनत वाचवली पाहा.

नकाशे मिळाले तरी एक प्रश्न उरतो. सगळ्या भागांचे एकमेकांशी जुळले पाहिजे. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा आणि त्यात मिसळलेले इंधन, इतकेच टर्बाइनमधून गेले पाहिजे, आणि टर्बाइनमधून आलेले सगळे नॉझलने बाहेर सोडले पाहिजे. त्या त्या ठिकाणचे दाब आणि तापमाने मात्र आधी माहीत नसतात. म्हणजे ही झाली एकसामयिक समीकरणे. दहावीच्या वर्गात दोन चलांची सोडवता, येथे सहा, आठ किंवा त्याहून अधिक चले असतात. आणि ती रेषीय नसल्यामुळे एका दमात सुटत नाहीत. अंदाज घ्यायचा, चूक पाहायची, अंदाज सुधारायचा, अशा फेऱ्या कराव्या लागतात.

घड्याळाची अट

संगणकावर वेगाने चालणारे कोणतेही सिम्युलेशन म्हणजे 'रिअल टाइम' नव्हे. अट अशी आहे : २० मिलिसेकंदांचा टप्पा असेल तर त्या टप्प्याचे सगळे गणित २० मिलिसेकंदांच्या आत संपलेच पाहिजे, आणि तेही प्रत्येक वेळी. सरासरी १० मिलिसेकंद लागतात पण क्वचित कधी ३० लागतात, हे चालत नाही. शाळेची घंटा जशी 'सरासरीने' वेळेवर होऊन भागत नाही, तसेच.

ही अट सिम्युलेटरपुरतीच नाही. फॅडेक नव्याने तयार झाला की तो थेट इंजिनावर बसवत नाहीत. आधी त्या खऱ्या फॅडेकला एका संगणकाशी जोडतात आणि तो संगणक इंजिनाचे सोंग घेतो. फॅडेक इंधनाचा हुकूम सोडतो, संगणक वेग, दाब आणि तापमान यांचे आकडे परत पाठवतो. इंजिनात आग न पेटवता सर्ज, बिघडलेला संवेदक, पक्ष्याची धडक असे धोकादायक प्रसंग येथे तपासता येतात. पण सोंग घेणारा एक क्षण जरी उशिरा बोलला, तरी फॅडेक जुन्या आकड्यांवर निर्णय घेतो आणि चाचणी फसवी ठरते.

तिसरा उपयोग प्रत्यक्ष उडत्या इंजिनावर होतो. इंजिनाचा रेटा उडताना थेट मोजता येत नाही. तो वेगावरून किंवा दाबांच्या गुणोत्तरावरून ताडावा लागतो. इंजिनाबरोबरच संगणकात त्याचे प्रतिमान चालत ठेवले तर न मोजता येणाऱ्या राशींचा अंदाज मिळतो. आणि खरे आकडे प्रतिमानापासून दूर सरकू लागले की इंजिन झिजते आहे हेही कळते.

हौद आणि तांब्या

आता खरी अडचण. भागांची समीकरणे फेऱ्यांशिवाय सोडवायचा एक मार्ग आहे. दोन भागांच्या मधल्या पोकळीला एक हौद समजायचे. कॉम्प्रेसर हा भरणारा नळ, टर्बाइन हा रिकामा करणारा नळ. येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेतल्या फरकाने हौदातला दाब चढतो किंवा उतरतो. प्रत्येक टप्प्याला फक्त हा फरक मोजत राहायचे. पद्धत अगदी सरळ आहे.

पण या पोकळ्या हौदाएवढ्या नसतात, तांब्याएवढ्या असतात. दांड्याचा वेग बदलायला सेकंद लागतात, तर पोकळीतला दाब काही मिलिसेकंदांत स्थिरावतो. समजा दाबाचा कालस्थिरांक ५ मिलिसेकंद आहे आणि आपला टप्पा २० मिलिसेकंदांचा. मघाचाच नियम लावू : उरलेल्या अंतराचा २० ÷ ५ = ४ पट भाग कापायचा. उरलेले अंतर १ असेल तर पुढच्या टप्प्याला १ − ४ = −३. त्याच्या पुढे ९, मग −२७, मग ८१. जे शांत व्हायला हवे होते ते गणितात उसळत गेले! खरे इंजिन व्यवस्थित आहे. वेडावले आहे ते आपले गणित.

उसळी आणि हेलकावे दोन्ही टाळायचे तर टप्पा ५ मिलिसेकंदांहूनही लहान हवा. म्हणजे सेकंदांत बदलणाऱ्या दांड्यासाठी २० मिलिसेकंद पुरत असताना, केवळ त्या तांब्यापायी सगळे गणित कित्येक पट वेळा करायचे. एकाच प्रश्नात फार जलद आणि फार मंद गोष्टी एकत्र आल्या की हे होते. अशा समीकरणांना गणितात 'ताठर' समीकरणे म्हणतात.

वेळ वाचवण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग : तांब्या विसरणे. पोकळी इतकी लवकर भरते की ती भरलेलीच आहे असे मानायचे. म्हणजे प्रत्येक क्षणी जितकी हवा आत, तितकीच बाहेर. फक्त दांड्याचा वेग टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचा. टप्पा मोठा घेता येतो, मात्र जुळवणीची एकसामयिक समीकरणे दर टप्प्याला फेऱ्यांनी सोडवावी लागतात. सर्जसारख्या, हवेच्याच जलद हालचालींचा अभ्यास करायचा असेल तर हा मार्ग चालत नाही. इतर बहुतेक कामांना चालतो.

दुसरा मार्ग : फेऱ्या कमी करणे. येथे न्यूटनची रीत वापरतात. १० चे वर्गमूळ काढून तिची चव घेऊ. नियम : जुना अंदाज आणि १० भागिले जुना अंदाज, यांची सरासरी हा नवा अंदाज. १ पासून सुरुवात केली तर ५.५, ३.६५९, ३.१९६, ३.१६२५, ३.१६२३ अशा पाच फेऱ्या लागतात. ३ पासून सुरुवात केली तर ३.१६६७, ३.१६२३, दोन फेऱ्यांत काम संपले. चांगली सुरुवात म्हणजे अर्धे काम! इंजिनाच्या बाबतीत चांगली सुरुवात फुकट मिळते. २० मिलिसेकंदांपूर्वीचे उत्तर आपल्याजवळ असतेच, आणि तेवढ्यात इंजिन फार बदललेले नसते.

याहून मोठी बचत पुढे आहे. न्यूटनच्या रीतीत प्रत्येक फेरीला उतार लागतो, म्हणजे अंदाज थोडा हलवला तर चूक किती बदलते ते. चले सहा असतील तर प्रत्येक चल एकेकदा हलवून इंजिनाचे सगळे गणित सहा वेळा करावे लागते, आणि मूळचे एकदा, एकूण सात. एका वेळेस १ मिलिसेकंद लागत असेल तर तीन फेऱ्यांना २१ मिलिसेकंद झाले. २० ची मर्यादा ओलांडली. पण उतार दर वेळी नव्याने न काढता आधी काढून ठेवलेलाच वापरला तर? १० च्या वर्गमुळात उतार ६ हाच कायम ठेवून पाहा : ३, ३.१६६७, ३.१६२०, ३.१६२३. दोनऐवजी तीन फेऱ्या झाल्या, पण प्रत्येक फेरी स्वस्त. इंजिनात अशा पाच फेऱ्या लागल्या तरी पाचच मिलिसेकंद. २१ च्या जागी ५ : संगणक तोच, भाषा तीच, फक्त गणित शहाणे झाले. फेऱ्यांची संख्याही आधीच ठरवून टाकतात, म्हणजे वेळ कधी चुकत नाही.

तिसरा मार्ग : पुढचा क्षण वापरणे. आपण आतापर्यंत बदलाची गती जुन्या क्षणाच्या आकड्यांवरून काढली. ती नव्या क्षणाच्या आकड्यांवरून काढली तर मघाचे उरलेले अंतर ४ पट कापले जात नाही, ते १ + ४ = ५ ने भागले जाते : १, ०.२, ०.०४. उसळणे बंद! वाटेतले आकडे अगदी नेमके नसतात (पहिल्या टप्प्यानंतरचे नेमके मूल्य ०.०१८ आहे), पण गणित शांतपणे योग्य जागी पोहोचते. नवा क्षण अजून माहीत नसल्यामुळे येथेही समीकरण सोडवावे लागते, हा त्याचा खर्च.

चौथा मार्ग : उत्तरे आधीच काढून ठेवणे. सविस्तर प्रतिमान अनेक स्थितींत निवांतपणे चालवायचे, प्रत्येक स्थितीच्या आसपास इंजिन सरळ रेषेसारखे वागते असे मानून ती रेषा नोंदवायची आणि प्रत्यक्ष वेळी शेजारच्या दोन रेषांच्या मधून उत्तर काढायचे. हे अतिशय जलद चालते. पण वक्राच्या जागी सरळ तुकडे आले की चूक आलीच. 'क्ष'चा वर्ग हा आलेख घ्या. ०, १, २ अशा पूर्णांकी बिंदूंना रेषांनी जोडले तर मध्यावर चूक सर्वांत जास्त, १/४ असते. बिंदू अर्ध्या अर्ध्या अंतरावर घेतले तर ती १/१६ होते. बिंदू दुप्पट केले की चूक एक चतुर्थांश होते. मात्र उंची, वेग, तापमान आणि इंजिनाची झीज अशा चार बाजूंनी बिंदू दुप्पट केले की तक्ता सोळापट वाढतो, हेही विसरू नये.

हे प्रत्यक्षात कोणी केले?

अमेरिकेत क्लीव्हलँड येथील नासाच्या लुइस संशोधन केंद्रात, ज्याला १९९९ पासून ग्लेन केंद्र म्हणतात, या विषयावर दीर्घकाळ काम झाले. त्या केंद्राने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डिनजेन' या संगणक-प्रणालीत आपल्या तिसऱ्या मार्गाच्या जातीची रीत वापरली होती. त्यामुळे सुमारे ०.१ सेकंदाचे मोठे टप्पे घेणे शक्य झाले आणि संगणकाचा वेळ वाचला. त्या काळी संगणकाचा प्रत्येक मिनिट महाग होता. पुढे नासाने 'सी-मॅप्स' हे मोठ्या टर्बोफॅन इंजिनाचे सिम्युलेशन तयार केले. इंजिन हळूहळू झिजत गेल्यास आकडे कसे बदलतात, याची माहिती त्यावरून निर्माण करून २००८ मध्ये संशोधकांसाठी स्पर्धाही घेतली गेली. प्रतिमान जलद असले की एका इंजिनाचे आयुष्य पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने जगून पाहता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

आपल्या देशात बेंगळुरूच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने कावेरी हे लढाऊ विमानाचे इंजिन विकसित करण्याचे काम हाती घेतले. ४ जानेवारी २००१ रोजी तेजस प्रथम उडाले ते अमेरिकी इंजिनावर. पण कावेरीनेही नोव्हेंबर २०१० मध्ये रशियात एका मोठ्या विमानावर बसून आकाशातली चाचणी दिली. इंजिन बनवणे म्हणजे केवळ धातू आणि यंत्रकाम नव्हे. बेळगावजवळ हत्तरगी येथे विमानाचे सुटे भाग तयार होतात, हे आपल्या भागातल्या मुलांना ठाऊक आहे. तो भाग का तसाच हवा, हे ठरवणारे गणितही आपल्याच मुलांनी करावे, असे आम्हांला वाटते.

वेग की अचूकता?

'कोणते प्रतिमान सर्वांत चांगले?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कशासाठी?' हे आधी विचारले पाहिजे. इंजिनाची रचना ठरवताना एका उत्तराला तासभर लागला तरी चालेल. फॅडेकच्या चाचणीला २० मिलिसेकंदांच्या वर एक क्षणही चालणार नाही. म्हणून शहाणे अभियंते दोन्ही ठेवतात. सविस्तर, सावकाश प्रतिमान हे प्रमाण. जलद प्रतिमान त्याच्याशी आणि चाचणी-मंचावरच्या खऱ्या इंजिनाच्या नोंदींशी ताडून पाहायचे. आणि ते कोणत्या मर्यादेपर्यंत खरे मानायचे, हे स्पष्ट लिहून ठेवायचे. रेषा जोडून केलेले प्रतिमान तक्त्याबाहेरच्या स्थितीतही बेधडक उत्तर देते. ते उत्तर मानू नये, एवढा विवेक वापरणाऱ्याला हवा.

पालक आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. या पाठातील प्रत्येक तक्ता शाळेच्या साध्या संगणकावर, आकडेमोडीच्या तक्त्यात अर्ध्या तासात करता येतो. महागडी प्रणाली लागत नाही. बारावीनंतर मुले हाच विषय इंग्रजीतून शिकतील. तेव्हा शब्द नवे असले तरी कल्पना ओळखीची वाटावी, यासाठी ती आज आपल्या भाषेत पक्की होऊ द्यावी.

स्वाध्याय

१. पहिल्या प्रतिमानात टप्पा १ सेकंदाचा घेऊन ४ सेकंदांपर्यंतचा तक्ता करा. नंतर टप्पा ४ सेकंदांचा घ्या. काय होते? कारण लिहा.

२. ० अंश सेल्सिअस तापमानात दांडा मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर संस्कारित वेग किती? तो १०,००० पेक्षा जास्त का येतो?

३. 'क्ष'च्या वर्गाच्या आलेखावर बिंदू पाव पाव अंतरावर घेतले तर सर्वांत मोठी चूक किती?

४. चले आठ आहेत, एका वेळच्या गणिताला १ मिलिसेकंद लागतो आणि मर्यादा २० मिलिसेकंदांची आहे. प्रत्येक फेरीला उतार नव्याने काढला तर जास्तीत जास्त किती फेऱ्या बसतील? उतार साठवून ठेवला तर किती?

उत्तरे : (१) ६०, ८०, ९०, ९५, ९७.५. टप्पा ४ सेकंदांचा घेतल्यास ६०, १४०, ६०, १४० असे हेलकावे. कारण उरलेल्या अंतराची दुप्पट कापली जाते. (२) सुमारे १०,२७०. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, म्हणून तोच दांडा कॉम्प्रेसरला जास्त वेगवान भासतो. (३) १/६४. (४) नव्याने काढल्यास २ फेऱ्या, म्हणजे १८ मिलिसेकंद. साठवल्यास २० फेऱ्या.